व्हर्जन कोणतं शिकू? आधी तारीख बघा!



सेमिस्टरची परीक्षा संपली, की होस्टेलच्या मेसमध्ये एक प्रश्न हमखास फिरतो. "अँग्युलर शिकायचंय, पण कुठलं? जेएस, टू, की ते नवीन काय आलंय ते?" एक दादा म्हणतो, जुनंच शीक, पाया पक्का होतो. एक ताई म्हणते, जुनं कधीच मेलं, रिॲक्ट घे. तिसरा म्हणतो, थांब ना, सहा महिन्यांत अजून नवीन येणारे! आणि विचारणारा बिचारा सुट्टी संपेपर्यंत विचारच करत बसतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिलं, जावास्क्रिप्ट नीट शिका. दुसरं, आज ज्याला सपोर्ट आहे तेच व्हर्जन घ्या. आणि तिसरं, जे शिकाल त्याच्या नोट्सवर व्हर्जनचा आकडा आणि तारीख लिहा. हा तिसरा मुद्दा अगदी साधा वाटतो, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढे सांगते.

आधी थोडा इतिहास. गूगलचं अँग्युलरजेएस आलं २०१० साली. साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहायचं, एचटीएमएलमध्ये चार डायरेक्टिव्ह टाकायचे, की पान जिवंत! लोकांना ते फार आवडलं. मग २०१४ मध्ये त्याच टीमने जाहीर केलं, की पुढचं व्हर्जन नव्याने लिहिणार. सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर टू आलं, तर त्यात कंट्रोलर नाही, स्कोप नाही, सगळं कॉम्पोनंटवर आणि टाइपस्क्रिप्टमध्ये. नाव तेच, पण आत घर वेगळं! पुढे तीन नंबर गाळून मार्च २०१७ मध्ये एकदम चार आलं, कारण त्यातल्या राउटरचा आकडा आधीच तीनवर पोचला होता. जुन्या अँग्युलरजेएसचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. म्हणजे आता त्यात सुरक्षेची चूक सापडली, तरी गूगल ती दुरुस्त करणार नाही.

नवीन अँग्युलरचं मोठं व्हर्जन साधारण दर सहा महिन्यांनी येतं. सहा महिने त्यावर जोरात काम चालतं, पुढचे बारा महिने फक्त महत्त्वाच्या दुरुस्त्या, मग सपोर्ट बंद. मे २०२५ मध्ये २० आलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये २१. हिशोब करा, आपल्या चार वर्षांच्या डिग्रीत आठ व्हर्जन्स येऊन जातात. दर सेमिस्टरला एक! मग थांबायचं तरी कशासाठी? जो थांबेल त्याच्यासाठी नवीन नेहमीच येत राहणार.

पण घाबरू नका. आकडे वीसच्या वर असले, तरी खरी भिंत एकच आहे, अँग्युलरजेएस आणि अँग्युलर टू यांच्या मधली. ती ओलांडताना जुनं शिकलेलं फारसं कामाला येत नाही. टूपासून पुढे मात्र रस्ता सलग आहे. त्यात एक उंबरठा तेवढा लागतो, तो सतराचा, नोव्हेंबर २०२३ चा. तेव्हापासून नवा प्रोजेक्ट केला की ॲप मॉड्यूलची फाईल आपोआप तयार होत नाही, आणि टेम्प्लेटमध्ये इफ आणि फॉर लिहायची नवी पद्धत आली. उंबरठ्याला ठेच लागते, पण दोन-चार दिवसांत तो ओलांडता येतो. तेव्हा "बारा शिकू की वीस" या प्रश्नावर रात्री जागवू नका. सपोर्ट असलेलं घ्या, मागचं वाचता येईलच.

आता परीक्षेचं काय? नाशिकच्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांप्रमाणे आपणही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे. २०१९ पॅटर्नमध्ये टी.ई. कॉम्प्युटरच्या वेब टेक्नॉलॉजीत अँग्युलरजेएस आहे, तर त्याच पॅटर्नच्या आय.टी.च्या वेब ॲप्लिकेशन डेव्हलपमेंटमध्ये अँग्युलर दहा आणि पुढचं. म्हणजे एकाच मजल्यावर समोरासमोर राहणारे दोघं "अँग्युलर"च म्हणतात, आणि दोघांचे अँग्युलर वेगळे! यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. सिलॅबस एकदा ठरला की पाच-सहा वर्षं चालतो, फ्रेमवर्क दर सहा महिन्यांनी बदलतं. या दोघांचं वेळापत्रक कधीच जुळणार नाही. परीक्षेपुरतं आलेलं परीक्षेपुरतं करा, मार्क मिळवा, पण सुट्टीतले दोन महिने आणि घरून आलेली फी त्यावर घालू नका. पुढे नोकरीत जुना प्रोजेक्ट वाट्याला आलाच, तर तेव्हा तो समोर ठेवून शिकता येतं.

आता त्या तिसऱ्या मुद्द्याकडे येते. मी कॉन्व्हेंटची. (मराठीतल्या चुका संपादक मंडळाने पोटात घातल्या आहेतच!) त्यामुळे अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडून वाचायला मला जड जात नाही. एरर आला की वाचते, व्हर्जन बघते, पुढे जाते. माझी रूममेट बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. लॉजिक माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. ती कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेले व्हिडिओ बघून शिकत होती. व्हिडिओतला माणूस म्हणतो, ॲप मॉड्यूलची फाईल उघडा. हिच्या प्रोजेक्टमध्ये ती फाईलच नाही! तीन संध्याकाळी शोधत बसली आणि शेवटी म्हणाली, "मला नाही जमणार गं हे, तुमचं इंग्लिश मिडियमवाल्यांचं काम आहे." खरं कारण एवढंच, की व्हिडिओ जुन्या व्हर्जनचा आणि लॅपटॉपवर इन्स्टॉल झालेलं नवीन. यात तिचा काय दोष? पण त्या व्हिडिओवर, त्या फोल्डरवर, कुठेच आकडा लिहिलेला नव्हता.

अशा किती जणांनी "मला जमत नाही" म्हणून सोडून दिलं असेल? कोणतं व्हर्जन हे कळणं हुशारीवर नाही, माहितीवर अवलंबून असतं. आणि माहिती आपल्याकडे इंग्रजी वाचणाऱ्यांकडे आधी पोचते. मग ती पुढे देणं हे आमचंच काम नाही का?

आता जावास्क्रिप्ट आधी का, तेही सांगते. निफाड-दिंडोरीकडच्या मित्रांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. द्राक्षाची बाग लावताना आधी डॉगरीजचा रूटस्टॉक लावतात, कारण तो पाण्याचा ताण आणि जमिनीतले क्षार सोसतो. तो चांगला धरला की मग त्यावर हव्या त्या जातीचं कलम. मार्केटला थॉमसन चालते की रंगीत द्राक्ष, ते बदलत राहतं, पण मुळं कच्ची असतील तर कोणतीच जात टिकत नाही. आपला रूटस्टॉक म्हणजे जावास्क्रिप्ट. फंक्शन, ॲरे, प्रॉमिस, मॉड्यूल, डॉम, आणि ब्राउझर सर्व्हरशी बोलतो कसा, एवढं पक्कं असेल तर अँग्युलर काय आणि रिॲक्ट काय, कलम धरतंच. रिॲक्टमध्येही फेब्रुवारी २०१९ ला हुक्स आले आणि लिहायची पद्धत बदलली. ज्यांची जावास्क्रिप्ट पक्की होती, त्यांना ते सोपं गेलं.

तेव्हा माझ्या सूचना अशा. क्लास लावण्याआधी, मग तो कॉलेज रोडचा असो की ऑनलाइन, पहिला प्रश्न फीचा नाही, व्हर्जनचा विचारा. उत्तर नुसतं "अँग्युलर" आलं, तर पैसे खिशातच ठेवा. व्हिडिओ सुरू करण्याआधी त्याची तारीख बघा. प्रोजेक्टच्या पॅकेज डॉट जेसन फाईलमध्ये आकडा असतो, तो व्हिडिओशी जुळतो का बघा. जुळत नसेल आणि व्हिडिओ फारच आवडला असेल, तर तेच व्हर्जन सरावापुरतं इन्स्टॉल करता येतं. लॅबमधल्या सरांना आणि मॅडमना विनंती, की मॅन्युअलच्या पहिल्या पानावर व्हर्जन छापावं. आणि सीनियर्सना विनंती, ज्युनियरला फोल्डर देताना त्याच्या नावातच व्हर्जन आणि वर्ष टाका. दहा सेकंदांचं काम आहे, पण समोरच्याच्या तीन संध्याकाळी वाचतील.

औषधाच्या बाटलीवर आपण एक्सपायरी बघतोच ना? मग नोट्सवर का नको? बघा पटतंय का!