सावलीलाही मुदत असते

सलाइनची बाटली लावण्याआधी परिचारिका तिच्यावरची मुदत वाचते. त्याच दवाखान्याच्या दारात केसपेपरच्या रांगेवर बांधलेली हिरवी जाळी कोणत्या साली आणली, हे मात्र कुणाला विचारले तर सांगता येत नाही. मीही कधी विचारले नव्हते. गेल्या मे महिन्यात संध्याकाळी वावधान सुटले आणि अशीच एक जाळी पाइपांसकट आडवी झाली. रांग दुपारीच संपली होती म्हणून निभावले.

जाळी लावूच नये असे मी म्हणणार नाही. पेपरात येणारे ४३ अंश हे तापमान सावलीतले असते. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो, त्याला ऊन लागत नाही. रांगेतल्या माणसाच्या अंगावर मात्र वरून थेट ऊन पडत असते आणि भर दुपारी त्याची शक्ती चौरस मीटरला हजार वॅटच्या घरात जाते. घरातली साधी इस्त्री साधारण तेवढीच. सावली हवेचे तापमान फारसे उतरवत नाही, पण ही इस्त्री अंगावरून बाजूला करते. म्हातारी माणसे, गरोदर बाया, बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण यांना एवढ्या फरकानेही वाचवता येते.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक उघड्या मैदानावर बसले होते. त्या भागात त्या दिवशी तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. वाशीमकराला एप्रिलमध्ये दिलासा वाटावा असा हा आकडा, पण सोबत किनारपट्टीचा दमटपणा होता आणि डोक्यावर छप्पर नव्हते. १४ जण दगावले.

त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, ९ एप्रिलला, आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारसला वादळी पावसात लोक मंदिराच्या पत्र्याच्या शेडखाली आडोशाला थांबले होते. शेडवर कडुनिंबाचे मोठे झाड कोसळले आणि ७ जणांचा जीव गेला. खारघरला सावली नव्हती. पारसला आडोसा होता, पण तो टिकला नाही. आपल्या भागात या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात येऊ शकतात. दुपारी लाही लाही, चारला ढग, सहाला वारा आणि कधी गारा. त्यामुळे इथली सावली दुपारपुरती मोजून चालत नाही.

जाळीचे नेमके काय होते ते पाहू. ती पॉलिथिनच्या धाग्यांची असते. उन्हातले अतिनील किरण आपल्या त्वचेला इजा करतात, तसेच या धाग्यातल्या लांब रासायनिक साखळ्याही तोडतात. त्वचा स्वतःची थोडीफार डागडुजी करते, प्लास्टिकला ते जमत नाही. चांगल्या जाळीत अतिनील किरणांना तोंड देणारे स्थिरकारक मिसळलेले असते, पण तेही दर उन्हाळ्यात खर्ची पडत जाते. गंमत अशी की जाळी हिरवीच दिसत राहते आणि ताकद गेलेली असते. एक धागा ओढून दुमडून पाहावा. कडकन तुटला, बोटाला पांढरट भुकटी लागली, की ती जाळी उतरवायची. या तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही, शिपाईसुद्धा करू शकतो.

वाऱ्याचे गणित याहून अवघड आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला तर चौरस मीटरला साधारण १७ किलोचा रेटा बसतो. वीस बाय वीस फुटांची ताडपत्री धरली तर सहा क्विंटलांहून जास्त. सोयाबीनची दहा-बारा पोती एखाद्या दोन इंची पाइपावर आडवी रेलल्यासारखे. जाळीतून थोडा वारा निघून जातो म्हणून तिच्यावर भार कमी येतो, पण माणसांसाठी ७५ ते ९० टक्के सावलीची दाट जाळी लागते आणि जितकी दाट, तितकी ती ताडपत्रीसारखी वागते. सैल बांधलेली जाळी तर दिवसभर फडफडून बांधलेल्या जागीच फाटते. फाटलेल्या जाळीची मला फार चिंता नाही. पडणारा खांब, उडणारा पत्रा आणि पत्र्यावर वजनाला ठेवलेले दगड यांनी माणसे जखमी होतात. डोक्याला टाके घालताना मी अनेकदा हाच इतिहास लिहून घेतला आहे. जाळीची दोरी झाडाला किंवा विजेच्या खांबाला बांधण्याची सवय तर सोडलीच पाहिजे.

शेतीच्या शेडनेटसाठी भारतीय मानक आहे, आयएस १६००८. शेतकरी रोपवाटिकेची जाळी घेताना किती टक्के, किती वजनाची, यूव्हीची आहे का, हे तीनदा विचारतो. माणसांच्या डोक्यावर टांगायची जाळी मात्र मार्चअखेर फुटाच्या दराने, सर्वांत स्वस्त मिळेल ती येते. मिरचीच्या रोपांची काळजी रांगेतल्या माणसापेक्षा जास्त घेतली जाते, हे मला डॉक्टर म्हणून पटत नाही.

२६ एप्रिल २०२४ला यवतमाळ-वाशीम मतदारसंघात लोकसभेचे मतदान भर उन्हाळ्यात झाले. पोहरादेवीला रामनवमीची यात्रा दरवर्षी याच दिवसांत भरते. आठवडी बाजार आणि बाजार समितीचे आवार आहेच. तेव्हा सावली लागणारच. माझे मागणे एवढेच की खरेदीच्या कागदावर जाळीचे वजन, सावलीची टक्केवारी आणि बसवल्याची तारीख लिहावी. आणखी एक नाव लिहावे: वादळाचा इशारा आला की जाळी कोण उतरवणार. हवामान खात्याचा पिवळा किंवा नारंगी इशारा आता मोबाइलवर काही तास आधी येतो. शिडी आणि दोन माणसे असली तर अर्ध्या तासाचे काम आहे. पण ते बांधकामवाल्यांचे की दवाखान्याचे, हे ठरलेले नसते, आणि वारा तोवर थांबत नाही.

मेमध्ये पडलेली ती जाळी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाइपांवर, नव्या सुतळीने, पुन्हा बांधली गेली. मी धागा दुमडून पाहिला. तुटला. यंदाच्या मागणीपत्रात सलाइनच्या खाली एक ओळ मी त्या जाळीची घातली आहे, तारखेच्या रकान्यासह.