विश्लेषण : १९८९ मध्ये बंद पडलेली पांगुना खाण अजूनही नद्या का नासवते आहे?

तांब्याचे दर चढले की सोडून दिलेल्या खाणींच्या फायली पुन्हा उघडतात. पापुआ न्यू गिनीतील बोगनविल बेटावरची पांगुना ही त्यांतलीच एक. (आपल्या दारातल्या बोगनवेलीला ज्या फ्रेंच दर्यावर्दीचे नाव आहे, त्याच्याच नावाचे हे बेट.) तांबे आणि सोने देणारी ही खाण एकेकाळी जगातल्या मोठ्या खाणींपैकी एक होती. आता ती पुन्हा सुरू करण्याची चर्चा आहे. नव्या उत्पन्नातून जुनी घाण साफ करता येईल, असा एक युक्तिवाद त्यासाठी केला जातो. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे आणि त्याचे कारण तिथल्या खडकातच आहे.

तांबे आणि सोने एकाच खडकात कसे?

बोगनविलजवळ समुद्राचा तळ बेटाखाली सरकतो आहे. त्यातून खोलवर तयार झालेला शिलारस सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वी वर चढला. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आहे, त्या मानाने हे कालचेच. शिलारसाबरोबर आलेल्या उकळत्या पाण्यात तांबे, लोह, गंधक आणि थोडे सोने विरघळलेले होते. पाणी थंड होत गेले तशी ही खनिजे खडकाच्या बारीक भेगांत साचली. भूवैज्ञानिक अशा साठ्याला ‘पॉर्फिरी’ म्हणतात.

म्हणजे इथे सोन्याची जाड शीर वगैरे नव्हती. सुरुवातीच्या अंदाजानुसार १००० किलो खडकात पाच किलोपेक्षाही कमी तांबे आणि जेमतेम अर्धा ग्रॅम सोने होते. उरलेला ९९५ किलो खडक दळून बाहेर टाकायचा. खाणीचे अर्थकारण आणि तिचे पाप, दोन्ही याच आकड्यात आहे.

उत्पादन १९७२ ते १९८९ चालले. सुमारे ३० लाख टन तांबे आणि ३०० टनांहून अधिक सोने निघाले. दळलेल्या खडकाचा एक अब्ज टनांहून अधिक चिखल कावेरोंग आणि जाबा या नद्यांत सोडला गेला. त्यासाठी धरण किंवा बंदिस्त तलाव नव्हता.

खाण बंद, मग प्रदूषण कसले?

फोडलेल्या खडकात गंधकाची खनिजे असतात. जमिनीखाली असतात तोवर ती निरुपद्रवी. पण हवा आणि पाणी मिळाले की त्यांतून गंधकाम्ल तयार होते, ते उरलेले तांबे विरघळवते आणि ओढ्यांच्या दगडांवर निळसर-हिरवे थर चढतात. बोगनविलमध्ये पाऊस धो धो पडतो, त्यामुळे ही भट्टी विझत नाही. यंत्रे थांबली म्हणून रसायनशास्त्र थांबत नाही. शिवाय नदीपात्रात साचलेला गाळ दर पुरात पुढे सरकतो आणि शेते, वाटा गिळतो.

लोक एवढे का पेटले?

या बेटावर जमिनीचा हक्क बहुतांश भागात आईकडून मुलीकडे जातो. तेव्हाच्या ऑस्ट्रेलियन प्रशासनाचा कायदा मात्र जमिनीखालचे सगळे सरकारचे, असे सांगत होता. १९६९ मध्ये बंदरासाठीच्या मोजणीला रोरोवाना गावच्या महिला आडव्या आल्या. पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुराने त्यांना हटवले. पुढे खाणीतून देशाच्या निर्यात उत्पन्नाचा ४० टक्क्यांहून अधिक वाटा येऊ लागला, पण जमीनमालकांच्या हाती किरकोळ रक्कम पडली. १९८८ च्या अखेरीस फ्रान्सिस ओना या खाणीतल्याच माजी कर्मचाऱ्याच्या नेतृत्वाखाली विजेचे मनोरे स्फोटाने पाडले गेले. मे १९८९ मध्ये खाण बंद पडली. त्यानंतरच्या यादवीत १० ते २० हजार माणसे मेली, असे अंदाज आहेत.

निस्तरणार कोण?

खाणकंपनीत बहुमताचा वाटा असलेल्या रिओ टिंटोने २०१६ मध्ये आपले समभाग सोडून दिले. त्या काळचे कायदे आम्ही पाळले होते, ही तिची भूमिका. रहिवाशांनी २०२० मध्ये तक्रार केल्यावर कंपनी पाहणीला तयार झाली. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या अहवालाने पूर, खचणारी बांधकामे आणि दूषित पाणी हे धोके आजही कायम असल्याचे नोंदवले. कंपनीने हे निष्कर्ष स्वीकारले.

इकडे बोगनविलला पैसा हवाच आहे. २०१९ च्या सार्वमतात ९७.७ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली, पण स्वतंत्र देश चालवायला उत्पन्न कुठून आणायचे? खाणीत अजून ५३ लाख टन तांबे असल्याचा कंपनीचा अंदाज आहे. मुंबई-पुण्यात बसून ‘खाण नको’ म्हणणे सोपे, हे मला मान्य आहे. तरी आकडा नीट वाचा. हे तांबे १८४ कोटी टन खडकात विखुरलेले आहे, म्हणजे १००० किलोमागे साधारण तीन किलो. एक किलो तांब्यासाठी पूर्वीपेक्षा जास्त खडक दळावा लागेल. त्या चिखलाची जागा आणि जुन्या नद्यांच्या सफाईचा निधी पहिला सुरुंग लागण्याआधी ठरला आणि जमा झाला पाहिजे. तांब्याचा भाव उद्या पडला तर ‘नव्या उत्पन्नातून सफाई’ हे आश्वासनही त्याच्याबरोबर पडेल.

बोगनविलच्या २०१५ च्या खाण कायद्याने पारंपरिक जमीनमालकांना खनिजांवर मालकी दिली आहे आणि नव्या शोधकामाला नकार देण्याचा अधिकारही. रोरोवानाच्या महिलांकडे १९६९ मध्ये यातले काहीच नव्हते.