पुसदचा पाइप आणि विडीबंडलाचा कोरा कागद

१/
दरवर्षी १ जुलैला, कृषिदिनी, वसंतराव नाईकांची छायाचित्रे फिरू लागतात. पुसदजवळच्या गहुलीचा हा शेतकरीपुत्र १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षे महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. हातातला पाइप ही त्यांची ओळखच बनली होती. त्या छायाचित्राखाली एक खुलासा हमखास येतो: त्या काळी तंबाखूचे दुष्परिणाम कोणालाच ठाऊक नव्हते. हा खुलासा खोटा आहे, आणि तो कोणाच्या सोयीचा आहे हे पाहणे अगत्याचे आहे.

२/
तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आली. विजापूरहून परतलेल्या असद बेगने ती १६०४-०५च्या सुमारास अकबरापुढे ठेवली, तेव्हा दरबारी हकिमाने तिथल्या तिथे हरकत घेतली. त्याच सुमारास, १६०४ साली, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने धूम्रपानाविरुद्ध पुस्तिकाच लिहिली. १६१७ साली जहांगीराने बंदीचा हुकूम काढला. हुकूम कागदावर राहिला, हुक्का दिवाणखान्यात गेला. म्हणजे शंका तंबाखूइतकीच जुनी आहे.

३/
शंकेचा पुरावा झाला तो १९५० साली. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा गाजलेला अहवाल ११ जानेवारी १९६४चा. नाईकांनी मुख्यमंत्रिपद स्वीकारले ५ डिसेंबर १९६३ला. मध्ये पुरते दीड महिनेही नाहीत!

४/
येथे नाईकांवर आरोप ठेवण्याचा हेतू नाही. त्या पिढीतले डॉक्टरही ओढत असत. प्रश्न व्यक्तीचा नसून प्रतिष्ठेचा आहे. पाइप म्हणजे रुबाब, सिगारेट म्हणजे आधुनिकता आणि विडी म्हणजे व्यसन, ही उतरंड आपण रचली. पान तेच, धूर तोच. बदलला तो ओढणारा. वऱ्हाडातल्या बांधावर विडी पेटवणाऱ्या सालगड्याच्या छायाचित्राखाली 'काय रुबाब!' असे कोणी लिहीत नाही.

५/
हीच उतरंड कायद्यातही उतरली, आणि माझा खरा राग तिच्यावर आहे.

१९६९ साली महाराष्ट्राने वनोपज व्यापार नियमनाचा कायदा केला. विडीला लागणाऱ्या तेंदूपत्त्याचा व्यापार शासनाच्या हाती आला. उन्हाळ्यात रानात पान तोडणारा गरीब, विडी वळणारी बाई गरीब, ओढणाराही बहुतेक गरीब. पानाचा हिशेब मात्र सरकारदरबारी चोख.

मग १९७५ साली केंद्राचा सिगारेट कायदा आला. पाकिटावर वैधानिक इशारा छापणे सक्तीचे झाले. कोणत्या पाकिटावर? फक्त सिगारेटच्या. विडी त्या कायद्यात नव्हतीच. विडीबंडलाचा कागद इशाऱ्यावाचून कोराच राहिला. विडीचा समावेश झाला तो २००३च्या कायद्यात, आणि चित्रमय इशारा सक्तीचा झाला ३१ मे २००९पासून. शहरी बाबूला सरकारने सावध केले. मजुराला चौतीस वर्षे थांबवले. तेव्हा 'कोणालाच ठाऊक नव्हते' असे म्हणू नका. ज्यांना ठाऊक होते त्यांनी कोणाला सांगायचे, हे निवडले.

६/
यावर उत्तर ठरलेले असते: विडीवर लाखोंचे पोट आहे. पोट आहेच. १९६६चा विडी कामगार कायदा त्याच जाणिवेतून झाला. पण बंडलावर चार शब्द छापल्याने कोणाची मजुरी बुडणार होती? २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही भरपाई उपकर सिगारेटवर लागला, विडीवर नाही. कामगाराच्या नावाने सवलत मिळाली ती मालाला.

७/
आता धुराची प्रतिष्ठा गेली आहे. २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक जागी धूम्रपानास देशभर मनाई आहे. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी केवळ ३.८ टक्के धूम्रपान करणारे आढळले. टाळ्या वाजवण्याआधी शेजारचा आकडा वाचा: धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. २०१२च्या गुटखाबंदीनंतरचा हा आकडा आहे. विदर्भातल्या पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा आजही मिळतो.

८/
तेंदूपत्त्याच्या लिलावांचा इतिहास एका धाग्यात मावणारा नाही. तो पुढच्या आठवड्यात.