२एक्सवर पाहिलेलं लेक्चर आठवड्यात का उडतं?

नांदेड-लातूरच्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. नीटवाली मुलं लेक्चर २एक्सवर पाहताना दिसतील. गणित अडलं की फोटो काढायचा, एआय उत्तर देतं. वाचलं की पटतं, आणि 'कळलं' असं वाटतं. घोळ इथंच आहे. समोर असलेलं ओळखणं वेगळं, कोऱ्या कागदावर स्वतः मांडणं वेगळं.

रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये हे मोजलं. एका गटानं चारही सत्रांत उतारा फक्त वाचला. दुसऱ्यानं एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानं मात्र ४० विरुद्ध ६१! गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाचणाऱ्यांनाच वाटत होतं.

लातूर पॅटर्नमध्ये सराव पेपरांचा मारा असायचा, तो याच कामाचा. मी अकरावी-बारावीला तिथं होतो. रविवारच्या टेस्टचा जाम वैताग यायचा. आज नोकरीत एआयचा कोड जसाच्या तसा चिकटवतो आणि महिन्याभरानं तोच एरर आला की पाटी कोरी!

जुलै २०२५ मध्ये चॅटजीपीटीत 'स्टडी मोड' आला. तो थेट उत्तर देण्याऐवजी आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो. चांगलंय, पण तो बंद करायला एक टॅप पुरतो. म्हणून मी आता आधी दहा मिनिटं वहीत झगडतो, मगच फोन उचलतो. रोज जमतं असं नाही.