खेळाचा तास आणि चित्रफितीचा पडदा

बास्केटबॉल हा खेळ शारीरिक शिक्षणाच्या एका शिक्षकाने शोधून काढला, ही गोष्ट आज मुद्दाम आठवण्याजोगी आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांच्यापुढे एक साधा प्रश्न होता : कडाक्याच्या थंडीत मैदानावर जाता येत नाही, तेव्हा कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना बंदिस्त जागेत खेळवायचे कसे? त्यांनी सज्जाच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि हाताशी असलेला फुटबॉल विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केला. समोरचे विद्यार्थी, हाताशी असलेली साधने आणि डोके चालवणारा शिक्षक, या तिहींतून हा खेळ जन्माला आला. आज याच खेळाचे पहिले धडे मोबाइलच्या पडद्यावरील चित्रफितींवरून दिले जाऊ लागले आहेत. त्यात मुळात वावगे काही नाही. परंतु पडदा आला म्हणजे शिक्षकाची गरज सरली, असा सोयीस्कर समज त्यासोबत पसरू लागला आहे, आणि तो आम्हांस धोक्याचा वाटतो.

प्रथम चित्रफितीच्या पदरात तिचे श्रेय टाकले पाहिजे. पडदा म्हणजे भांडवलशाहीचे मायाजाल, त्यापासून मुलांना दूर ठेवावे, असे आपल्यातील काही साथींना प्रामाणिकपणे वाटते. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. मूल पाहून शिकते, हा अनादि अनुभव आहे. मुंबईच्या नागपाड्यासारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीतून बास्केटबॉलचे राष्ट्रीय खेळाडू निघाले. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर हे त्याच मातीतले. वस्तीच्या मध्यभागी मैदान असले आणि त्यावर जाणती मंडळी रोज खेळत असली, म्हणजे कडेला उभे राहून पाहणारे पोर अर्धे अधिक तेथेच शिकून जाते. पण प्रत्येक वस्तीला असे मैदान कोठे आहे? ज्या गावात हा खेळ जाणणारा एकही माणूस नाही, तेथील मुलाने पाहायचे कोणाकडे?

नेमके येथेच चित्रफितीचे मोल आहे. उजव्या हाताने ले-अप मारताना शेवटची दोन पावले उजवे आणि मग डावे अशी पडतात, उडी डाव्या पायावरून घ्यायची असते. हे शब्दांत सांगून मुलाच्या ध्यानी येत नाही. चित्रफितीत ते संथ गतीने, हवे तितक्या वेळा, बाजूने आणि मागून दाखवता येते. एके काळी शहरातील क्लबांत पैसे मोजणाऱ्यांनाच जे पाहावयास मिळे, ते आज पाड्यावरील मुलालाही पाहता येते. ज्ञानाची मक्तेदारी मोडणाऱ्या साधनाकडे समाजवाद्याने पाठ फिरवू नये.

परंतु साधन हाती आले म्हणजे काम झाले असे नव्हे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पडद्यावर मोठ्या माणसाला बाहुलीस बडवताना पाहिलेली मुले आपणही बाहुलीस बडवू लागली. पडदा शिकवतो, तो चांगलेही आणि वाईटही. निवड तो करीत नाही. आज मुलांच्या पुढ्यात आपोआप येते ते स्टीफन करीचे दुरून मारलेले फेक. नऊ-दहा वर्षांचे मूल तेच करू जाते. मोठ्यांची रिंग ३.०५ मीटर उंच, पुरुषांचा चेंडू सुमारे सहाशे ग्रॅम वजनाचा. इवल्या हातांत ते बळ नसते, म्हणून चेंडू कमरेपासून दोन्ही हातांनी भिरकावला जातो. तीच सवय अंगात मुरते, आणि चेंडू रिंगपर्यंत पोचेना म्हणून मूल हिरमुसून मैदानाबाहेर बसते ते वेगळेच. वास्तविक बारा वर्षांखालील मुलांसाठी मिनी-बास्केटबॉलची सोय केलेली आहे : रिंग २.६० मीटरवर, चेंडू पाच क्रमांकाचा, सुमारे पावणेपाचशे ग्रॅमचा. मुलाने खेळाला साजावे असे नव्हे, तर खेळाने मुलाला साजावे, हे त्यामागील तत्त्व. पण ही साधी गोष्ट सांगण्यात कोणाचाही नफा नाही. तारांकित खेळाडूच्या नावावर बूट विकले जातात, खाली आणलेल्या रिंगच्या नावावर काय विकणार?

आणि सर्वांत मोठी मर्यादा ही की, चित्रफीत दाखवते पण पाहत नाही. समोरच्या मुलीचा टप्पा का चुकतो आहे, ती चेंडू तळव्याने थापटते आहे की बोटांनी दाबते आहे, तिची नजर चेंडूवर खिळली आहे की समोर आहे, हे पडद्याला दिसत नाही. प्रात्यक्षिक दाखवणारा मुलांकडे तोंड करून उभा असला, तर त्याचा उजवा हात मुलांना डावीकडे दिसतो आणि निम्मा वर्ग उलटे शिकतो. हे ओळखून सावरणारे माणूस मैदानावर हवेच. तेव्हा पद्धत अशी असावी : एका वेळी एकच कौशल्य, एक मिनिटाहून मोठी नाही अशी चित्रफीत, लक्षात राहतील असे दोन-तीन मराठी शब्द, आणि लगेच पडदा बाजूला ठेवून दहा मिनिटे प्रत्येकाच्या हाती चेंडू. मग पुन्हा एकवार तीच चित्रफीत. आता मुले ती वेगळ्या डोळ्यांनी पाहतील, कारण आपण कोठे अडलो हे त्यांना कळलेले असेल. निर्दोष खेळाडूचेच प्रात्यक्षिक हवे असेही नाही. शाळेतीलच एखाद्या मुलीचे चुकत, सुधारत गेलेले प्रयत्न पालकांच्या संमतीने टिपून वर्गापुरते दाखवले, तर इतरांना अधिक धीर येईल. ज्या गावात मैदान म्हणजे मुलग्यांचे, असे गृहीत धरले जाते, तेथे पडद्यावर मुलगी चेंडू पळवताना दिसणे हीच एक चळवळ आहे.

आता मूळ राजकीय प्रश्नाकडे वळू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण सांगितले आहे, वर्गागणिक खेळाचे साहित्य सांगितले आहे, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेला आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. हा मुलांचा हक्क आहे, सरकारची मेहेरबानी नव्हे. निदेशकाची नेमणूक न करता त्याच्या जागी चित्रफितीचा दुवा धाडणे, ही त्या हक्काची चोरी आहे. क्रीडांगण नाही म्हणून खेळ पडद्यावर पाहावयास लावणे, हे उपाशी मुलास जेवणाचे चित्र दाखवण्यासारखे आहे.

पडदा लोकांच्या मालकीचा असू शकतो, हे या देशाने एकदा करून दाखवले होते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, तेव्हा सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत एका सामायिक संचाभोवती सारा गाव जमत असे. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. मुलांसाठी मराठीत शैक्षणिक चित्रफिती घडवणारी ती सार्वजनिक संस्था होती. २०१७ साली ती बंद करण्यात आली. घरोघर पडदा पोचण्याच्या काळातच पडद्यावर काय दाखवावे हे ठरवणारी लोकांची संस्था सरकारने मोडीत काढली, यातील विसंगती बोलकी आहे. मोकळी झालेली जागा रिकामी राहत नसते. ती बाजाराने भरली.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. मराठीतून, मुलांच्या वयाला साजेशा, जाहिरातमुक्त क्रीडाचित्रफिती शासनाने सार्वजनिक पैशातून कराव्यात. आणि त्या चित्रफिती क्रीडाशिक्षकाचे साधन म्हणून द्याव्यात, त्याचा पर्याय म्हणून नव्हे. एकीवाचून दुसरी मागणी लंगडी ठरेल.

तथापि केवळ मागणी करून थांबणे आपल्या परंपरेला शोभणारे नाही. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने खेळाला शाखेत मानाचे स्थान दिले, ते मुलांचे मन रिझवण्यापुरते नव्हे. एका संघात खेळताना जात, धर्म आणि घरची श्रीमंती गळून पडते, हे त्यांनी जाणले होते. बास्केटबॉलमध्ये तर पाच जणांनी एकमेकांकडे चेंडू सोपवल्यावाचून पुढे सरकता येत नाही. गावच्या लोहाराकडून ४५ सेंटिमीटर व्यासाची एक रिंग करून घ्यावी, ती २.६० मीटर उंचीवर पक्की बसवावी, लहान आकाराचे दोन चेंडू वर्गणीतून आणावेत आणि एका कार्यकर्त्याचा मोबाइल आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांसाठी राखून ठेवावा. एवढ्याने आरंभ होईल. त्याच वेळी तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊन, आपल्या शाळेतील निदेशकाचे पद आणि क्रीडांगण यांचा लेखी जाब मागावा.

नेस्मिथ यांच्याजवळ दोन टोपल्या आणि एक चेंडू होता, पण वर्गासमोर ते स्वतः उभे होते. आपल्या मुलांच्या हाती आज साऱ्या जगाची चित्रे आहेत. त्यांच्यासमोर माणूस उभा करणे, हे आपले काम आहे.