नाव दुकानाचे, माल कोणाचा?

चवथीचे दिवस जवळ येऊ लागले की गोव्यातील घराघरांत वाणसामानाच्या याद्या होऊ लागतात. नेवऱ्यांसाठी रवा आणि मैदा, पंचखाद्यासाठी चणाडाळ, खतखत्यासाठी तूरडाळ, शिवाय गूळ, वेलची, तेल, चहा, साखर. एके काळी ही यादी गावच्या पसरकाराच्या हाती पडे आणि गोणीतला माल कागदाच्या पुड्यांतून घरी येई. आज तीच यादी घेऊन गृहिणी सुपरमार्केटच्या फळ्यांपुढे उभी राहते, आणि तेथे तिच्यापुढे एक नवाच प्रश्न उभा ठाकतो. एकाच फळीवर दोन पाकिटे असतात. एक जाहिरातींनी घरोघरी पोचवलेल्या कंपनीचे, दुसरे त्या दुकानाच्याच स्वतःच्या छापाचे. दुसरे स्वस्त असते. ते घ्यावे की न घ्यावे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, परंतु ज्या कुटुंबाच्या मिळकतीचा मोठा वाटा चुलीकडे जातो, त्याला तो क्षुल्लक नाही. आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडला आहे, त्याकडे आम्ही शेवटी वळणार आहोत.

प्रथम स्वस्ताईचे कारण पाहू. नामांकित कंपनीच्या पाकिटाच्या किमतीत मालाबरोबर जाहिरात, विक्रेत्यांचा ताफा, घाऊक वितरकाचे कमिशन आणि दुकानाचा नफा, इतक्या गोष्टी सामावलेल्या असतात. दुकानाच्या छापाला यांतले बरेच काही लागत नाही. माल मोठ्या प्रमाणावर थेट घेतला जातो, जाहिरातीचे काम फळीच करते, आणि नजरेच्या उंचीवरची जागा कोणाला द्यावी हे ठरवणारा दुकानदार ती स्वतःलाच देतो. अनेकदा माल तयार करणारा कारखाना दोन्ही छापांसाठी एकच असतो. तेव्हा स्वस्त म्हणजे हलके, हा आपल्याकडचा जुना समज येथे सरसकट लागू पडत नाही.

परंतु सरसकट विश्वास ठेवणेही शहाणपणाचे नव्हे. आमच्या मते वाणसामानाचे तीन वर्ग करून पाहावेत. पहिल्या वर्गात मीठ, साखर, रवा, मैदा असे जिन्नस येतात. आयोडीनयुक्त मिठाच्या विक्रीच्या पाकिटात आयोडीनचे प्रमाण दहा लाख भागांत किमान १५ भाग असले पाहिजे, हा नियम सर्व छापांना सारखाच आहे. मिठाच्या साध्या पाकिटासाठी नावाखातर जे जादा पैसे आपण मोजतो, ते बहुतांशी जाहिरातीचे असतात.

दुसरा वर्ग निवडीचा व प्रतवारीचा. डाळ, तांदूळ, हळद, तिखट यांचा हा वर्ग. येथे नावापेक्षा डोळे आणि नाक अधिक उपयोगी पडतात. जुनी तूरडाळ शिजायला वेळ घेते, पाणी वा तेल लावून चकचकीत केलेली डाळ नवी असेलच असे नाही, आणि हळदीचा भडक रंग हा गुणाचा पुरावा नसून कधी कधी संशयाचे कारण असतो. अॅगमार्कची खूण कोणत्या पाकिटावर आहे, माल केव्हा भरला आहे, हे पाहिल्यावाचून स्वस्त वा महाग कोणतेच पाकीट पिशवीत टाकू नये.

तिसरा वर्ग मिश्रणाचा. चहा, तयार मसाले, बिस्किटे, सॉस यांत कृती महत्त्वाची, आणि तेथे कंपनीचे कसब खरोखर कामी येते. निरनिराळ्या मळ्यांची आणि हंगामांची पाने चाखून, त्यांचा मेळ घालून, वर्षभर एकच चव राखणे ही चहाच्या पारख्यांची विद्या आहे. आमच्या कचेरीत आम्ही अलीकडे एक साधा प्रयोग केला. नामांकित आणि दुकानाच्या छापाचा चहा सारख्या मापाने, सारख्याच दुधात केला. कोणत्या कपात काय आहे हे केवळ करणाऱ्याला ठाऊक होते. दुकानाच्या चहाला रंग अधिक गडद आला आणि पहिल्या घोटाला त्यानेच वाहवा मिळवली, पण कप संपताना बहुतेकांनी दुसराच पसंत केला. त्याच दिवशी दोन छापांच्या रव्याचा शिरा मात्र कोणालाही वेगळा ओळखता आला नाही, आणि ज्यांनी ओळखला असे सांगितले त्यांचे उत्तर चुकले. हा काही शास्त्रीय निष्कर्ष नव्हे. पण पाकीट झाकले की जीभ अधिक प्रामाणिक होते, एवढा बोध त्यातून आम्ही घेतला. वाचकांनी घरी हा प्रयोग अवश्य करावा.

चवीनंतर हिशेब. समजा, एका छापाचे ४०० ग्रॅमचे पाकीट ९६ रुपयांना आणि दुसऱ्याचे ५०० ग्रॅमचे ११० रुपयांना आहे. घाईत पहिले स्वस्त दिसते. प्रत्यक्षात पहिल्याचा दर किलोला २४० रुपये पडतो आणि दुसऱ्याचा २२० रुपये. वेष्टित मालासंबंधीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा ठरावीक वजनांचीच पाकिटे काढण्याचे बंधन सुटले, पण त्याबरोबर पाकिटावर एकक दर छापण्याचे बंधन आले. किलोहून कमी वजनाला ग्रॅममागे आणि अधिक वजनाला किलोमागे किंमत आता छापावी लागते. ती अक्षरे बारीक असतात, पण ग्राहकाच्या हिताची खरी अक्षरे तीच. त्याचप्रमाणे घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. मसाल्याच्या यादीत मीठ आणि सॉसच्या यादीत साखर फार वर आढळली, तर स्वस्ताईचे रहस्य वेगळे सांगावे लागत नाही.

आणखी एका गोष्टीविषयी सावध करणे आम्हाला अगत्याचे वाटते. दुकानाच्या छापाच्या पाकिटावर कमाल किरकोळ किंमत ठरवणारे दुकान, आणि त्या किमतीवर ‘सूट’ देणारेही तेच दुकान. कागदावर आकडा चढवून मग तो उतरवण्याला औदार्य म्हणत नाहीत. सूट किती याकडे न पाहता शेवटी किलोला काय पडले, एवढेच पाहावे.

आता तो दडलेला प्रश्न. हा माल कोणाचा? पाकिटाच्या दर्शनी भागावर दुकानाचे नाव ठळक असते. उत्पादकाचे नाव शोधू गेल्यास ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत सापडते, आणि कित्येकदा त्याची ओळख अन्नसुरक्षा परवान्याच्या १४ अंकी क्रमांकापुरतीच उरते. आज हे डाळ-रव्याच्या बाबतीत घडते आहे. उद्या खोल्याच्या मिरचीचे तिखट, पेडण्याच्या काजूचे गर, सत्तरीची आमसुले यांच्या बाबतीतही घडेल. ज्याच्या हाती फळी आहे तोच स्पर्धेत उतरला, तर पंच आणि खेळाडू एकच होतो. लहान उत्पादकाने नाव सोडून माल द्यावा किंवा फळीवरून उतरावे, अशी वेळ त्याच्यावर येते. नाव गेले की भाव ठरवण्याचा त्याचा अधिकारही जातो.

याचा अर्थ दुकानाचा छाप मुळातच वाईट, असा मात्र नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९२५ साली गॉटलीब डुटवाईलर यांनी मोटारगाड्यांतून कॉफी, तांदूळ, साखर अशा मोजक्या सहा जिनसा स्वस्तात विकण्यास आरंभ केला, तेव्हा प्रस्थापित उत्पादकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्या कोंडीतून त्यांच्या ‘मिग्रो’चा स्वतःचा छाप वाढला, आणि १९४० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी तो व्यवसाय सहकारी संस्थेच्या रूपाने ग्राहकांच्या स्वाधीन केला. छाप एकच, परंतु त्यामागे मालक कोण, यावर सारे अवलंबून असते.

आपल्या गोव्यात ही गोष्ट अशक्य नाही. फोंड्याची गोवा बागायतदार संस्था सभासदांची सुपारी, नारळ, काजू खरेदी करते आणि वाणसामानाचे बाजारही चालवते. पिकवणारा आणि खाणारा एकाच छपराखाली येण्याची सोय जेथे आहे, तेथून स्वस्त आणि स्वच्छ मालाचा असा छाप पुढे यावा, की ज्याच्या पाकिटावर संस्थेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत गावाचे आणि पिकवणाऱ्याचे नाव असेल. अशी अपेक्षा सहकारी चळवळीकडून करावयाची नाही, तर कोणाकडून?

तोवर गृहिणींना आमचे सांगणे एवढेच. मीठ-साखर घेताना नावाला भुलू नका, डाळ-हळद डोळ्यांनी पारखा, चहा-मसाला जिभेला विचारा, आणि पाकीट उलटे करून तो कोणी केला हे वाचा. ज्या पाकिटाला आपल्या कर्त्याचे नाव सांगण्याचा संकोच वाटतो, ते दोन रुपयांनी स्वस्त असले तरी चवथीच्या स्वयंपाकात आणण्यापूर्वी क्षणभर थांबावे हे बरे.