खेळांतील लढाई आणि खेळांतील धुकें

चार पिढ्या एका छपराखालीं नांदत आहेत आणि व्हिडिओ गेमवरून कुरबूर झालेली नाहीं, असें घर आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो : 'हा मुलगा सदानकदा मारामारी करीत बसतो.' मुलाचें उत्तरहि ठरलेलें : 'तुम्हांला त्यांतलें कांहीं कळत नाहीं.' आमच्या मतें दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. मात्र ते एकाच वस्तूविषयीं बोलत नाहींत. जातां येतां पडद्याकडे नजर टाकणाऱ्याला तलवारीचा वार तेवढा दिसतो. त्या वारापूर्वीं जो निर्जन प्रदेश तुडवावा लागला, जो वारा कानांत घुमत होता, ज्या वाटा चुकल्या, त्यांचा त्याला पत्ता नसतो. लढाई बघ्यालाहि दिसते. वातावरण मात्र खेळणाऱ्यालाच लागतें.

ही गोष्ट आपल्या रसशास्त्राला नवी नाहीं. रसनिष्पत्तीस आलंबन विभाव हवा, तसाच उद्दीपन विभावहि हवा. स्मशान, काळोखी रात्र, घुबडाचा घूत्कार यांनीं कोणाचा जीव जात नाहीं. पण त्यांच्यावांचून भय अंगांत भिनत नाहीं. खेळांतला शत्रु हें आलंबन. धुकें, शांतता, संगीत हें उद्दीपन. उत्तम खेळांत या दोहोंची फारकत करतां येत नाहीं, आणि ज्यांत ती सहज करतां येते तो खेळ बहुधा कंटाळवाणा असतो, असा आमचा अनुभव आहे.

१९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं रचलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ घ्या. पडद्यावर अकरा-अकरांच्या पांच रांगांनीं ५५ परग्रहवासी उतरत येतात आणि तळाशीं आपली एक तोफ. चित्रें अगदीं ओबडधोबड, संगीत म्हणाल तर चार उतरत्या स्वरांचा एक ठेका. पण शत्रु मरत जातात तसतसे उरलेले वेगानें धांवूं लागतात, आणि ठेकाहि छातींतल्या ठोक्यांसारखा जलद होतो. मौज अशी कीं, शत्रूंची ही वाढती गति मुळांत योजलेलीच नव्हती. चित्रें कमी उरलीं म्हणजे यंत्राला तीं लवकर काढतां येत. निशिकादोंनीं तें वैगुण्य ओळखून तसेंच राहूं दिलें. जय जवळ येतांना धीर सुटावा, ही किमया त्यांतून साधली.

अशाच एका वैगुण्यानें १९९९ सालीं 'सायलेंट हिल' या खेळाला त्याचें रूप दिलें. हॅरी मेसन नांवाचा एक लेखक आपली हरवलेली मुलगी शेरिल हिला शोधीत एका ओसाड गांवांत फिरतो. गांवावर दाट धुकें पसरलेलें आहे. तेव्हांच्या प्लेस्टेशन यंत्राला लांबवरचा देखावा काढणें झेपत नसे. तो धुक्यानें झांकला, आणि झांकण हाच दागिना ठरला. हॅरीच्या खिशांत एक लहानसा रेडिओ असतो. कांहीं अमंगळ जवळ आलें कीं तो खरखरूं लागतो. तें कोठून येत आहे हें मात्र दिसत नाहीं. हॅरी शिपाई नव्हे. हातांतली लोखंडी नळी तो बेंगरूळपणें चालवितो, त्याचा नेम चुकतो, धांवला तर त्याला धाप लागते. या लढाईला कित्येक खेळणारे नांवें ठेवतात. आम्हांस तें पटत नाहीं. हात सराईत असता तर धुक्याचें भय कोणाला वाटलें असतें? याच मालिकेंतील २००८ सालच्या 'होमकमिंग'मध्यें नायक सैनिक म्हणून पुढें येतो, वार चुकवितो, नेमका प्रतिवार करतो. धुकें आहे तेथेंच आहे. भय मात्र निम्म्यानें उतरलें, असें आमचें मत आहे.

भयानकाकडून करुणाकडे वळलें म्हणजे फुमितो उएदा यांचा 'शॅडो ऑफ द कोलोसस' (२००५) डोळ्यांपुढें येतो. एक तरुण आपल्या घोड्यावरून एका मृत कुमारिकेला निषिद्ध प्रदेशांतील देवळांत आणतो. तेथें अदृश्य वाणी सांगते, सोळा महाकाय प्राण्यांना मारशील तर हिचे प्राण कदाचित् परत येतील. त्या विस्तीर्ण प्रदेशांत एक गांव नाहीं, एक किरकोळ शत्रु नाहीं. गवत, कडे, तळीं, सरडे, बस्स. तलवार उन्हांत धरली कीं तिचे किरण एकवटतात आणि दिशा दाखवितात. मग आग्रो नांवाच्या घोड्यावरून दौडत राहावयाचें. वाटेंत संगीत जवळजवळ नसतेंच. टापा आणि वारा. या दौडीला कंटाळून 'येथें करावयास कांहींच नाहीं' म्हणणाऱ्यानें सोळा लढाया तेवढ्या एकापाठोपाठ खेळून पाहाव्या. सगळें ओझें उतरून जातें आणि खाली उरते ती कसरत.

मग तो प्राणी समोर येतो. अर्धा पाषाण, अर्धा केसाळ जीव. को ओतानी यांचें संगीत उसळतें. त्याच्या केसांना धरून चढावयाचें, तो अंग झाडूं लागला कीं चिकटून राहावयाचें. हातांतलें बळ संपलें कीं खालीं कोसळावयाचें. अखेरीस खुणेच्या जागीं तलवार खुपसली म्हणजे तो डोंगर ढांसळतो, आणि विजयाचे नगारे वाजावयाच्या ऐवजीं एक शोकस्वर सुरू होतो. प्रेतांतून काळे तंतू निघून तरुणाच्या देहांत शिरतात. पुढें पुढें त्याचा चेहरा निस्तेज होत जातो. भारती युद्धाच्या कथेंत व्यासांनीं स्त्रीपर्व ठेवलें नसतें तर काय उरलें असतें, याचा येथें विचार येतो.

सगळ्याच लढाऊ खेळांची आम्ही वकिली करीत नाहीं. पाव तासांत शंभर मुडदे पाडून एकहि स्मरणांत न राहणारे खेळ पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबद्दल वडीलधाऱ्यांची तक्रार रास्त आहे. तेथें मारणें स्वस्त आहे, कारण भोंवतीं कांहींच नाहीं. उएदांच्या खेळांतला तेरावा प्राणी मात्र वाळवंटावर आकाशांत तरंगत असतो. तो अखेरपर्यंत एकदांहि हल्ला करीत नाहीं. बाणांनीं त्याच्या अंगाखालील हवेच्या पिशव्या फोडाव्या लागतात, तो खालीं झुकतो, आणि घोडा भरधाव नेऊन त्याच्या पंखाला लोंबकळावें लागतें. आजवर जय मिळविण्यांत रमलेला हात येथें अडखळतो.

ज्यांना आपल्या घरांतील मुलाशीं या विषयावर बोलावयाचें असेल, त्यांनीं लढाई जुंपल्यावर नव्हे, तर घोडा देवळांतून निघतांना शेजारीं येऊन बसावें. आवाज बंद करावयास सांगूं नये. तो गेला कीं निम्मा खेळ गेला. अमेरिकेंतील वर्गीकरणाप्रमाणें हा खेळ १३ वर्षांपासून पुढील मुलांसाठीं आहे. 'सायलेंट हिल' मात्र १७ वर्षांपासून पुढें. तो लावावयाचा तर घरांतलीं लहान मुलें निजल्यावर, आणि रेडिओच्या खरखरीनें तीं जागीं होणार नाहींत एवढ्या अंतरावर.